बाबा, पंचनाम्याला जा

सांगली,
रविवार, रात्र

तीर्थरूप बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

यंदाच्या पुराचा पंचनामा करून घ्या म्हटलं, तर परवा फोनवर बाबा म्हणाले, "कायले जाऊ तलाठ्याकडं? आपला पूर कोनाले दिसते?" आणि फोन आईच्या हातात दिला. माझी ड्यूटी सुरू होत होती, वॉर्डातून हाक आली, मी "बरं" म्हणून फोन ठेवला. तो "बरं" तेव्हापासून मला टोचतो आहे, कारण मला ते बरं वाटलेलं नव्हतं. फोनवर आपलं बोलणं पाच मिनिटांत पाऊसपाण्यावरून जेवणखाणावर येतं आणि संपतं. म्हणून लिहिते आहे. आई, तू हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. मधे उठून गेले तर परत बोलावून आण.

बाबा, तुम्ही म्हणता ते खोटं नाही, हे आधी कबूल करते. मी सांगलीचा आणि आपला, दोन्ही पूर पाहिलेत. एक इथे राहून, दुसरा तुमच्या फोनमधून.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा सांगलीत शिरली तेव्हा मी इथे नवीच होते. आमच्या खोलीच्या गल्लीत छातीभर पाणी होतं, आम्ही मुली आठवडाभर हॉस्पिटलातच राहिलो. ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटून 17 जण बुडाले, त्या दिवशी आमच्या वॉर्डात कोणी कोणाशी बोललं नव्हतं. त्या दुःखाला मी कधीच कमी म्हणणार नाही. पण पाणी उतरायच्या आतच मदत कशी आली तेही पाहिलं. ट्रकामागून ट्रक. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, चादरी, सॅनिटरी पॅड, गुरांसाठी चारा. जुन्या कपड्यांचे तर रस्त्याकडेला ढीग पडले, ते भिजून सडले, उचलायला माणूस मिळेना. चौकाचौकात टीव्हीवाल्यांच्या छत्रीवाल्या गाड्या उभ्या, दर तासाला तोच पूल टीव्हीवर. आणि त्याच आठवड्यात तुमचा फोन आला होता. गावात दवंडी दिली, घरटी पायलीभर तांदूळ गोळा केला, ब्रह्मपुरीहून ट्रक निघतो आहे, पोरी, तुझ्याकडं पोचला का सांग. मला तो ट्रक काही दिसला नाही, इतके होते. पण त्या पायलीची आठवण मी अजून इथल्या लोकांना सांगते.

मग बरोबर वर्षानं, 2020 च्या ऑगस्टअखेरीला, वैनगंगा आली.

त्या पुराची सगळ्यात चमत्कारिक गोष्ट इथे कोणाला पटत नाही. आपल्याकडे तेव्हा मोठा पाऊसच नव्हता. आई, तू म्हणाली होतीस, सांदवाडीत कपडे वाळत घातले होते आणि नदी वर चढत होती. पाऊस पडला तिकडे मध्य प्रदेशात, शिवनी, बालाघाट, छिंदवाड्याला. तिथलं संजय सरोवर धरण भरलं, पेंचचं पाणी कन्हान नदीतून खाली आलं, आणि गोसेखुर्द धरणाची सगळी 33 दारं उघडावी लागली. आपल्या वरच्या अंगाला एवढं पाणी सुटलंय हे गावाला कळेपर्यंत ते कोठ्यापर्यंत आलं होतं. तुम्ही गाय सोडलीत, वासरू खांद्यावर घेतलंत, आणि आईला शाळेच्या स्लॅबवर चढवलंत. बियाण्याची ढोली तशीच राहिली. हलका धान गरभावर आलेला, तो तीन दिवस पाण्याखाली. पाणी उतरल्यावर बांध्यांत धान नव्हता, नुसता गाळ होता आणि त्याचा वास.

मी तेव्हा कोविड वॉर्डात. येणं शक्यच नव्हतं, आणि हे मला कायमचं लागून राहिलेलं आहे. ड्यूटी संपली की पीपीई किट उतरवून नर्सिंग रूमच्या टीव्हीसमोर उभी राहायचे, तुमचा फोन लागत नाही तर निदान टीव्हीवर तरी आपल्याकडचं काही कळेल म्हणून. एकेक चॅनल बदलत गेले. सगळीकडे एका अभिनेत्याच्या मृत्यूची चौकशी चालू होती. कोणाला आज किती तास प्रश्न विचारले, कोणाची गाडी कुठून निघाली, गाडीमागे कॅमेरे धावताहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली एवढ्या मोठ्या पट्ट्यात गावं पाण्यात होती आणि खालच्या पट्टीत एक ओळ सरकत गेली. मी ती ओळ परत यायची वाट पाहत उभी राहिले. माझ्या सोबतची सिस्टर म्हणाली, "तुमच्याकडं पण पूर येतो? तुमच्याकडं दुष्काळ असतो ना?" ती चांगली मुलगी आहे. 2019 मध्ये तिचं घर गेलं होतं. तिला जे दाखवलं गेलं तेच तिला माहीत.

बाबा, मी यावर पुष्कळ विचार केलाय. सुरुवातीला मला वाटायचं, आपल्यावर कोणाचा तरी राग आहे. आता तसं वाटत नाही. सांगली-कोल्हापूरचा पूर आला तेव्हा पुणे-बंगळूर महामार्ग कितीतरी दिवस बंद होता आणि मुंबईला जाणारं दूध अडलं. म्हणजे तो पूर मुंबईच्या चहाच्या कपापर्यंत पोचला. आपला पूर कुठे पोचला? आपला तांदूळ एका आठवड्यात कोणाच्या ताटातून कमी होत नाही. नागपूरहून आपलं गाव सव्वाशे किलोमीटर, पुढे नाल्यावरचा पूल पाण्याखाली. मुंबईत बसून बातमी ठरवणाऱ्याला आपण फार लांब पडतो.

हे काही आपल्याच नशिबी आहे असंही नाही. दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2007 साली एक अभ्यास छापला होता. 1968 ते 2002 या काळातल्या जगभरच्या सुमारे 5,000 आपत्ती त्यांनी तपासल्या, अमेरिकेच्या टीव्हीवर कुठली दिसली आणि अमेरिकेनं कुठे मदत पाठवली ते पाहिलं. ऑलिंपिक चालू असताना ज्यांच्यावर संकट आलं त्यांची बातमीही कमी झाली आणि त्यांना मदत मिळण्याची शक्यताही घटली. खेळ चालू होते, एवढाच त्यांचा गुन्हा. आणखी एक हिशोब त्यात आहे तो वाचून मी पुस्तक मिटलं होतं. ज्वालामुखीत एक माणूस गेल्यावर जेवढी बातमी व्हायची शक्यता असते, तेवढी अन्नटंचाईत व्हायला सुमारे 40,000 माणसं मरावी लागतात. धूर आणि आग दिसते. उपाशी माणूस हळूहळू जातो. विदर्भाचं दुखणं बहुतेक हळूहळूचंच आहे, बाबा.

इथे 26 जुलै म्हटलं की लहान मूलसुद्धा 2005 ची मुंबई सांगतं. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस, हा आकडा लोकांना पाठ आहे, असावाच, हजाराच्या वर माणसं गेली महाराष्ट्रात. पण मी 30 जुलै 1991 म्हणते तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात. मोवाड. नरखेड तालुक्यात वर्धा नदीच्या काठचं एवढं नांदतं गाव, एका सकाळी 204 माणसं गेली. ते नाव इथे मी आजपर्यंत कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आणि उन्हाचं काय? 2026 च्या मार्चपर्यंत देशाच्या आपत्ती मदतीच्या यादीत बारा गोष्टी होत्या. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट, अगदी हिमस्खलन आणि थंडीची लाटसुद्धा. उन्हाची लाट नव्हती. पंधराव्या वित्त आयोगानंही ती यादी वाढवली नाही, राज्याला वाटलं तर आपल्या निधीतले दहा टक्के स्थानिक आपत्तींसाठी वापरावेत एवढी मुभा होती. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा दर मे महिन्यात पेपरात येतो, जणू शर्यतीत पहिला नंबर आलाय. आई, तू त्याच उन्हात तेंदूपत्ता तोडायला जातेस. मी नर्स आहे, मला माहीत आहे, उन्हानं गेलेल्या माणसाच्या कागदावर पुष्कळदा नुसतं हृदय बंद पडल्याचं लिहिलं जातं. मग ऊन कुठेच मोजलं जात नाही. येत्या उन्हाळ्यात तरी दहाच्या आत घरी येत जा. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवायची नाही. जून 2022 मध्ये महाराष्ट्रातले आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात होते तेव्हा आपण सगळे दिवसरात्र ते हॉटेल पाहत होतो. मीही पाहत होते. त्याच आसामात तेव्हा महापूर होता, बराक नदीचा बांध फुटून सिलचर शहर कित्येक दिवस पाण्यात होतं. तिथल्या कुठल्या तरी मुलीनं माझ्यासारखंच टीव्हीसमोर उभं राहून आपल्या गावाची एक ओळ शोधली असेल, आणि तिला आमचे आमदार दिसले असतील. सिलचर नकाशात कुठे आहे हे मी पुष्कळ नंतर पाहिलं. म्हणून मी इथल्या माणसांवर रागवू शकत नाही. आपणही कोणाला तरी पाहिलं नाहीच की. आणि सांगलीला कमी मिळावं असं तर मुळीच वाटत नाही. 2021 च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा आमच्या घरमालकीणबाईंनी मला वरच्या मजल्यावर ओढून घेतलं, स्वतःचं सामान नंतर उचललं.

आता पंचनाम्याचं.

तुम्ही म्हणाल, मिळतं किती? मला ठाऊक आहे. 33 टक्क्यांच्या वर नुकसान झालं तर केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000, तेही दोन हेक्टरपर्यंत. राज्यानं वाढवून दिलं तर तेवढं अधिक. आपल्या तीन एकराचे कोरडवाहूच्या हिशोबानं दहा हजारांच्या आसपास होतील. त्यात रोवणीची मजुरीसुद्धा नीट निघत नाही. शिवाय 2020 ला पाहणीला गाडी आली तेव्हा बांध्या वाळून भेगा पडल्या होत्या, आणि साहेबांनी पहिला प्रश्न विचारला होता की इथे पाऊस किती पडला. तुम्हाला तो अपमान वाटला, मला कळतं. अतिवृष्टी म्हणजे मंडळात एका दिवसात 65 मिलिमीटरच्या वर, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं, आणि आपला पूर तर दुसऱ्याच्या आभाळातून येतो. तेव्हा यंदा त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. पाऊस नव्हता, धरणाचं पाणी होतं, अमुक दिवशी अमुक वाजता आलं, इतके दिवस राहिलं. अर्जावर तसंच लिहा. लिहिलेल्याची एक प्रत घरी ठेवा.

कारण वरचा सगळा हिशोब खालच्या या कागदांवरूनच होतो. कॅमेरा कुठे जाईल ते आपल्या हातात नाही. पण गावात वीस जणांनी "कायले जाऊ" म्हटलं, तर तालुक्याच्या कागदावर वीस घरांचं नुकसान झालंच नाही. पुढच्या वर्षी कोणी पूररेषा, बोट, पूल, काही मागायला गेलं, तर साहेब तोच कागद उघडून दाखवणार. पीक विम्याचंच बघा. 2018 ला धान पाण्याखाली जाणं हे शेतापुरत्या नुकसानीच्या यादीतून काढून टाकलं होतं, म्हणजे नेमकं आपलंच दुखणं. राज्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा खरीप 2026 पासून ते परत घ्यायचं ठरलं. कोणीतरी कागद पाठवत राहिलं म्हणून ते झालं असणार. टीव्हीवर तर मी त्यावर एक चर्चाही पाहिली नाही. शेतापुरत्या नुकसानीची खबर विम्याला 72 तासांच्या आत द्यावी लागते, हे गावातल्या सगळ्यांना सांगा. आपण दरवेळी पाणी उतरायची वाट पाहतो आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.

सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स पत्र्याच्या पेटीत वरच ठेवली आहे, मी मागच्या वेळी काढून ठेवली होती. शेजारच्या पोराला घेऊन बांधीत उभे राहा आणि फोटो काढा, धुऱ्यावरून नको, आत उतरून, तुमच्या पायाशी गाळ दिसला पाहिजे. मी पोळ्याला येत नाही, रजा दिवाळीला मिळाली आहे, पण तेव्हा आठ दिवस राहीन. तोवर थांबू नका.

आई, वासराच्या पायाची जखम फिटकरीच्या पाण्यानं धूत जा, आणि तुझी बीपीची गोळी सकाळचीच आहे, रात्रीची नाही.

बाबा, 2020 ला पाणी उतरल्यावर तुम्ही शाळेच्या भिंतीवर गेरूनं रेघ ओढली होती. यंदाच्या पाण्याची ओल अजून त्या भिंतीवर असेल. ती धुऊन जायच्या आत तिथेही रेघ ओढा, बाजूला तारीख घाला, आणि जुन्या रेघेपासून ती किती बोटं खाली आहे ते मोजून मला कळवा.

तुमची पोर