बाबांच्या पार्किन्सन्समध्ये पाठीशी उभ्या राहिलेल्या सगळ्यांना थँक्यू
बाबांना पार्किन्सन्स, त्यात बीपी, शुगर आणि आता थोडा विसराळूपणा पण सुरू झालाय, तरी ते अजून स्वतःच्या पायाने चालतायत याचं श्रेय तुम्हा सगळ्यांचं, नावं नाही लिहीत पण तुम्हाला कळेलच.

सगळ्यात आधी त्या सिस्टर. उलट्या होत होत्या म्हणून दुसरीकडे मेटोक्लोप्रामाइड लिहून दिलं होतं, तुम्ही कागद बघितला आणि तिथल्या तिथे न्यूरोच्या डॉक्टरांना फोन लावलात, कारण ते औषध डोपामिनच, म्हणजे हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायनच अडवतं आणि पार्किन्सन्सचा त्रास वाढतो. हे खरं तर सगळ्यांना माहीत असायलाच हवं! लेवोडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची गोळी, जेवणाच्या अर्धा तास आधी, प्रोटीनसोबत नको, हे पण तुम्हीच आईला नीट बसून समजावलंत.

फिजिओ ताई, दारात आले की बाबांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, तिथे तुम्ही गुडघ्यावर बसून रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्यात, आता बाबा पट्टी ओलांडायची म्हणून पाय उचलतात आणि चालायला लागतात, बघून डोळे भरून येतात. गिळताना ठसका लागायचा ते स्पीच थेरपिस्टनी सांभाळलं. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० पेक्षा जास्त पडतंय म्हणून फिजिशियननी बीपीची गोळी कमी केली, तेही न्यूरोशी बोलून, आम्हाला फाइल घेऊन इकडून तिकडे पळावं लागलं नाही.

आणि सोशल वर्कर दादा, "काकू, तुमची झोप होते का?" हे आईला विचारणारे तुम्ही एकटेच. खूप खूप आभार सगळ्यांचे.