आठवणींना रिकामा वेळ लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका ज्येष्ठ वाचकांनी तरुणांना बजावलं की, पुढं जायचं असेल तर मागचं उगाळत बसू नका, आठवणी हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. मी ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. रात्री अमेरिकेचे कॉल असतात. बढती हवी आहे, आणि ती हवी असल्याची लाज वाटत नाही. त्यामुळे रिकामटेकडी तर मी नक्कीच नाही, तरी पत्र पटलं नाही म्हणून लिहिते आहे.

त्या काकांचं मत तसं जुनंच. १६८८ मध्ये बाझेलच्या योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने, परमुलखात गेलेल्या स्विस लोकांची गावाच्या ओढीनं होणारी तगमग चक्क आजार म्हणून नोंदवली होती. पण त्याला आता सव्वातीनशेहून अधिक वर्षं झाली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातले टिम विल्डशूट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसं जुन्या आठवणींकडे वळतात ती बहुधा मन खट्टू असताना, एकटं वाटत असताना, आणि अशी आठवण लिहून काढली की आपली माणसं जवळ असल्यासारखं वाटतं, स्वतःबद्दलही बरं वाटतं, असं त्यांना आढळलं. मला त्यातली दोन निरीक्षणं फार पटली. अशा आठवणीत आपण स्वतः मध्यभागी असतो आणि भोवती जवळची माणसं असतात. आणि ती निव्वळ गोड नसते, तिच्यात वाईटही असतं.

माझंच घ्या. बाबा रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत होते. चरईतून निघून तीन हात नाक्याला कंपनीची बस पकडायचे. त्यांच्या खात्यात पावडर उडायची, म्हणून कामगारांना गूळ मिळायचा. बाबा स्वतःच्या वाट्याचा खडा वर्तमानपत्राच्या कागदात बांधून शर्टाच्या खिशातून घरी आणायचे. त्याच खिशात तंबाखूची पुडी. त्यामुळे आमच्या गुळाला तंबाखूचा वास यायचा, आणि आम्ही भावंडं तो वास घेत घेतच गूळ चोखायचो. बाबांचा खोकला पुढं वाढत गेला. मग लॉकआउट झाला आणि आईनं पोळीभाजीचे डबे सुरू केले. मी कॉलेजला जाताना त्यातले काही स्टेशनजवळच्या ऑफिसांत पोचवायचे.

आता दिघा, ऐरोलीवरून लोकलनं जाताना कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती दिसतात. त्यातल्याच एकीत मी बसते. क्लायंटनं सगळ्यांदेखत धुलाई केली की मला तो गूळ हमखास आठवतो. एस्कलेशनचं, म्हणजे वरिष्ठांकडे गेलेल्या तक्रारीचं, मेल काही त्यामुळे नाहीसं होत नाही. पण डब्यांच्या पिशव्या सांभाळत पुलावरून उतरणारी मुलगी आणि ही मॅनेजरबाई एकच आहेत, याचा धीर येतो आणि मी उत्तर लिहायला बसते.

टीममध्येही हे पाहिलं. सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या आदल्या दिवशी बार्शीचा एक मुलगा डब्याला हातही लावत नव्हता. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, पुण्याला शिकायला होतास तेव्हा जेवायचास कुठे? तर म्हणाला, आई एसटीच्या ड्रायव्हरकाकांकडे डबा द्यायची, मी स्वारगेटला उभा राहायचो. एकदा गाडी वाटेत बंद पडली आणि शेंगापोळ्या अख्ख्या गाडीनं खाल्ल्या. मग काय, जळगावची, चिपळूणची, सगळ्यांचीच एसटी निघाली! हसता हसता त्यानं डबा संपवला. आमच्या एचआरनं वेलनेससाठी एक अ‍ॅप दिलं आहे; ते कोणी उघडल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मात्र काकांचा राग ज्या गोष्टीवर असावा, तिच्यावर माझाही आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'गेले ते सोन्याचे दिवस' म्हणून कंदिलाचे आणि पाट्यावरवंट्याचे फोटो फिरतात. त्यात ना आपण असतो, ना आपली माणसं. ते वाचून आजचा दिवस मात्र उगाच नासका वाटायला लागतो. आमच्या वेळी असं नव्हतं, हे ऐकून कुठल्या तरुणाला उभारी येणार आहे?

तेव्हा एक विनंती. आपल्या ठाणे पुरवणीत जुने फोटो येतात ते तलावपाळीचे, कोपिनेश्वराचे, नाहीतर १८५३ च्या पहिल्या रेल्वेचे. ते असू द्यात. पण ठाणे-बेलापूर रोडच्या आणि वागळे इस्टेटच्या कामगारांकडून कॅन्टीनचे, कंपनीच्या बसचे, गेटवरच्या दसऱ्याच्या पूजेचे फोटोही मागवा, आणि प्रत्येकाखाली चार ओळी त्यांच्या घरच्यांनाच लिहू द्या. माझ्याकडे बाबांच्या खात्याचा एक ग्रुप फोटो आहे. मागच्या रांगेतल्या तिघांची नावं बाबांना अजून पाठ आहेत, बाकीची कोणीतरी वाचक सांगेल.

आपली,
एक वाचक, ढोकाळी, ठाणे (प.)