वडिलांच्या कपाटातले समाजकार्य

संपादक महोदय,

घर सांभाळून आयुष्यभर समाजकार्य केलेले वडील गेले की फोटोला हार चढतो, स्मरणिकेची घाई होते आणि त्यांच्या कपाटातले कागद मात्र रद्दीत जातात. आधी घरचे आणि संस्थेचे कागद वेगळे करावेत. इतिवृत्त, पावतीपुस्तके, हिशेबाच्या वह्या संस्थेच्या. त्या पोच घेऊनच परत द्याव्यात. खात्यावर त्यांची सही असेल तर ती बदलण्याचा ठराव संस्थेने लगेच करावा, नाहीतर व्यवहार अडतात.

जुन्या पत्रांच्या टाचण्या काढाव्यात, गंज कागद खातो. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर नकोच: एकाचा गोंद पिवळा पडतो, दुसरे कागद न फाडता निघत नाही. फोटोमागे नावे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मागच्या रांगेतली माणसे घरच्यांना सहसा ओळखू येत नाहीत, म्हणून हे काम सहकारी हयात असतानाच उरकावे. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करताना ‘ते कसे होते?’ असे विचारले की ‘देवमाणूस!’ एवढेच हाती लागते. त्यापेक्षा एकेक फोटो पुढे ठेवून ‘हे कुठले, वर्गणी कोणी जमवली, विरोध कोणाचा होता?’ असे विचारावे.

– एक वाचक