मामाच्या बँडची टेप वाचवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून विषय संपवता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

१९७०च्या सुमारास मामा मुंबईत कॉलेजच्या रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. त्या बँडची रेकॉर्ड कधी निघालीच नाही. मागे राहिलं ते एवढंच: दोन फोटो, मामीच्या आठवणी आणि गंजलेल्या डब्यातली टेपची एक स्पूल. ती स्पूल घेऊन मी दोघातिघांकडे गेले होते. सगळ्यांनी "यात काही उरलं नसेल" असं सांगून परत पाठवलं. तुम्ही मात्र डबा उघडलात, टेपचा वास घेतलात आणि म्हणालात, "घाई करायची नाही."

मशिनवर चढवण्याआधी तुम्ही ती अख्खी टेप हाताने, सावकाश दुसऱ्या रिळावर गुंडाळलीत. दमटपणाने वेटोळी एकमेकांना चिकटली होती, तिथे थांबून बोटाच्या टोकाने सोडवलीत. सुरुवातीची गाणी सेकंदाला पावणेचार इंचांच्या वेगाने भरलेली आणि पुढची साडेसातच्या, हे तुम्ही ऐकताक्षणी ओळखलंत. नाहीतर त्या पोरांचा आवाज आम्हाला कार्टूनसारखा ऐकू आला असता. टेपची खरखर काढून टाका, असा मी हट्ट धरला होता. तुम्ही ती काढून ऐकवलीत, आणि खरखरीबरोबर झांजांची सगळी चमकही गेली. मग मूळ आवाज जसाच्या तसा ठेवलात. बरं झालं. आता गाणं सुरू होण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरची घरघर येते आणि कुणीतरी "वन, टू" म्हणतं. मामीने तो आवाज लगेच ओळखला.

पण त्याहून मोठं काम तुम्ही केलंत ते हे, की या पोरांना त्यांच्या काळात नेऊन बसवलंत. सिमला सिगारेटवाल्यांची सिमला बीट ही रॉक बँडची स्पर्धा मी फक्त नावाने ऐकून होते. तिच्या ७० आणि ७१ या दोन्ही एलपी तुम्ही लावल्यात. शिलाँगचे फेनटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, बंगलोरचे डायनासोर्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, सगळे एका बैठकीत ऐकवलेत. परदेशी वाद्यं मिळणं दुरापास्त, त्यामुळे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून अ‍ॅम्प्लिफायर बांधून घ्यायचे दिवस होते ते, हे तुमच्याकडूनच कळलं. मामाच्या टेपमधला फाटका, चिडलेला गिटारचा आवाज त्यानंतर मला दोष वाटेनासा झाला.

मुंबईच्या वेल्व्हेट फॉगचं गाणं लागल्यावर तुम्ही विचारलंत, "ओळख पाहू कुणाचा बँड?" नंदू भेंडे! आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव. आमच्या घरी ते ठाऊक होते ते १९७८च्या 'तीन पैशाचा तमाशा' या नाटकामुळे. त्यांची वाट या बँडमधून, पुढे अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या रॉक बँडमधूनही गेली, हे मराठी घरांत फारसं बोललंच जात नाही. मला हे फार लागलं. आपल्या नाट्यसंगीताबद्दल आपण तासन्‌तास बोलतो, आणि याच शहरातल्या याच पोरांबद्दल एक ओळ नाही. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची 'ऑब्सेशन ७७' ही एलपी पुन्हा बाजारात आणायला २०११ साली एका अमेरिकन कंपनीला यावं लागलं.

प्रत्येक गाण्याबरोबर तुम्ही एक चिठ्ठी दिलीत. डब्यावर लिहिलेलं ते निळ्या शाईत, मामीने सांगितलेलं पेन्सिलीने, तुमचा अंदाज असेल तिथे 'बहुधा'. मामाचा बँडही सिमला बीटला गेला होता, असं घरात सगळेच म्हणतात. ते तुम्ही पेन्सिलीनेच लिहिलंत आणि मी कितीही म्हटलं तरी शाई फिरवली नाहीत. त्या चिठ्ठ्यांमुळेच ही गाणी पुढे कुणालाही निर्धास्तपणे देता येतील.

एक पैसा घेतला नाहीत. दुसरा कुणी असता तर अशी टेप कपाटात दडवून बसला असता. तुम्ही वर स्वतःच्या एलपींच्या प्रतीही करून दिल्यात.

बँडचे ड्रमर आता ऐंशीला टेकलेत. त्यांना गाणी पाठवली. त्यांनी एका गाण्याचं नाव दुरुस्त केलं आणि त्यांच्याकडेही एक डबा आहे म्हणाले. रविवारी तो आणायला जाते आहे. आणला की तसाच, न उघडता, तुमच्याकडे पोहोचवते.

तुमची,
बेसवाल्याची भाची