विद्यार्थ्यांच्या कूळशोधासाठी वाचनालयाला हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

देवस्थानच्या महाजनांनी (देवळाचा कारभार पाहणाऱ्या कुळांनी) अग्रशाळेतली, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतली, खोली दिली म्हणून आपले वाचनालय उभे राहिले. गोव्यातल्या पोर्तुगीज अमलात मुंबईकर मंडळी सुटीला गावी येताना ट्रंकेतून मराठी पुस्तके आणत; त्यांतली कितीतरी आजही कपाटात आहेत. आपल्या दिवंगत ग्रंथपालांनी दारोदार फिरून जुन्या साप्ताहिकांचे अंक जमवले, रात्री बसून खळ लावून स्वतः शिवले, एक पैसा घेतला नाही. वरच्या वाड्यावरच्या कुटुंबाने न मागता दोन लोखंडी कपाटे दिली. ही माणसे विसरता येत नाहीत.

याच ठेव्यावर आज हायस्कूलची मुले आपापल्या घराण्याचा शोध घेत आहेत. आपल्या फोंडा महालातल्या अनेक घरांचे मूळ साष्टी-तिसवाडीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे आपली दैवते, मंगेश कुठ्ठाळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून इकडे आली, मागोमाग कुळेही आली. कुळदेवतेवरून मूळ गाव, महाजनांच्या यादीवरून घराणे, असा मुलांचा शोध चालतो. 1914 पासूनच्या नागरी नोंदणीत तर एका जन्मनोंदीत आईवडिलांसह दोन्हीकडचे आजी-आजोबा सापडतात. नववीतली एक मुलगी ‘कामत’ शोधून थकली होती. पोर्तुगीज नोंदीत ‘कामोतिम’ खाली पाहा म्हटल्यावर पणजोबा मिळाले. नावापुढचे ‘नेगोसियांत’ तिने आपल्याच वाचनालयातल्या पोर्तुगीज शब्दकोशात पाहिले. व्यापारी! ते सांगायला ती धावतच घरी गेली.

तो शब्दकोश आता पानपान सुटला आहे. साप्ताहिकांच्या खालच्या गठ्ठ्यांना वाळवी लागली आहे. यंदाच्या पावसात ते टिकतील असे वाटत नाही. मोडी कागद घरी असूनही मुलांना वाचता येत नाहीत. इतिहाससंशोधक डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य वेचले ते पणजीचे पुराभिलेखागार आणि 1832 पासूनचे मध्यवर्ती ग्रंथालय मुलांनी एकदा तरी पाहिलेच पाहिजे.

गेल्या चवथीपूर्वी (गणेशचतुर्थीपूर्वी) आम्ही घरोघर पत्रे दिली होती. बहुतेकांचे साधे उत्तरही आले नाही. पुढे एका जुन्या घरातली दप्तरे रद्दीत गेल्याचे कळले तेव्हा फार वाईट वाटले. वाचनालयाच्या पायरीवर आणून ठेवली असती तरी आम्ही जपली असती.

यंदा तसे होऊ देऊ नका. चवथीला मूळ घरी याल तेव्हा माळ्यावरची पेटी उघडा. जन्मपत्रिका, खरेदीखते, लग्नपत्रिका, जुनी पत्रे, काहीही चालेल. स्कॅन करून मूळ कागद पोचपावतीनिशी परत देऊ.

बांधणी, वाळवीचे औषध, स्कॅनर व पणजीची बस मिळून साधारण 60,000 रुपये लागतील. धनादेश वाचनालयाच्या नावे. रोख दिल्यास पावती अवश्य घ्यावी. कार्यालय सायंकाळी 4 ते 7, सोमवारी बंद. मोडी किंवा जुने पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणाऱ्यांनी रविवारचा एक तास द्यावा, येण्याजाण्याची सोय करू. रक्कम व कागद चवथीच्या आठ दिवस आधी पोचावेत.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)