येतो म्हणालास म्हणून

मस्कत,
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

लाडक्या बाळा,

आपल्या आळीतले एक काका सोमवारी सुट्टीवर गावी निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. फोनवर बोलले असते, पण मी लांबण लावलं की तू 'हो आई, हो आई' म्हणत राहतोस आणि तुझं लक्ष दुसरीकडे गेलंय हे मला इथे बसून कळतं. हे मात्र तू नीट वाचावंस असं वाटतं.

नाताळच्या आधी चर्चच्या युवा गटाबरोबर तू घरोघर गाणी म्हणत फिरलास, त्याचे सगळे फोटो मी पाहिले. रात्रपाळीत जरा उसंत मिळाली की पुन्हा उघडून पाहते. तुझा दृढीकरणाचा संस्कार झाला आणि त्याच महिन्यात तू आपणहून गटात नाव दिलंस, याचा मला किती आनंद झाला ते तुला सांगितलंच नव्हतं. त्या फोटोंत एक खालच्या आळीतल्या आजोबांचा आहे. ते खाटेवर, आणि तू त्यांचा हात धरून वाकलेला. त्याच्याखाली कितीतरी जणांनी बदाम टाकलेत.

परवा आजीनं मला पुढचं सांगितलं. निघताना तू आजोबांना म्हणाला होतास, "पुढच्या रविवारी येतो." आजोबांची सून आजीला चर्चमध्ये मिस्सेनंतर भेटली. २८ तारखेला म्हणे आजोबांनी सकाळीच दाढी करून घेतली. ४ तारखेलाही. ११ तारखेला मुलगा दाढी करायला बसला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं नको म्हणून खुणावलं.

मी रागावलेली नाही. तुझा रविवारचा क्लास सुरू झाला, पुढच्या वर्षी दहावी आहे, मला सगळं ठाऊक आहे. 'येतो' हा शब्द आपण उंबरठ्यावर सहज टाकतो, 'जातो' म्हणायचं नाही म्हणून. पण जो दिवसभर एकाच खाटेवर असतो त्याला तो शब्द खरा वाटतो. म्हणून माझीच एक गोष्ट तुला सांगते. बाबांनाही मी ती पूर्ण सांगितलेली नाही.

१९९६ साल असेल, मी सोळा वर्षांची होते. आमचाही गट होता. फुटबॉल, नाताळगोठा, पवित्र सप्ताहातली क्रूसाची वाट, सगळं आम्ही जीव ओतून करायचो. त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आजाऱ्यांच्या भेटी ठरल्या आणि आमच्या वाट्याला एक म्हातारी आली. लाल लुगड्यातली, मांडीचं हाड मोडल्यापासून खाटेला खिळलेली. दर रविवारी आम्ही दहा-बारा जण तिच्या खाटेभोवती उभे राहायचो, दोन गाणी म्हणायचो, जपमाळेचा एक दशक म्हणायचो आणि निघायचो. खोलीत वास यायचा. आम्हाला वाटायचं, खोली बंद असते म्हणून. एकदा मी आठवणीनं उदबत्ती नेली आणि लावली. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

चौथ्या की पाचव्या रविवारी दवाखान्यातल्या सिस्टर आमच्याबरोबर आल्या. त्यांनी गाणं संपू दिलं, मुलग्यांना बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि म्हातारीला कुशीवर वळवलं. माकडहाडापाशी माझी मूठ जाईल एवढी जखम होती. एकाच अंगावर पडून राहिलं की कातडीचं रक्त थांबतं आणि मांस कुजू लागतं. बेडसोअर. तो वास त्याचा होता. आम्ही गात होतो ते सगळे रविवार ती जखम खोल खोल जात होती आणि आमच्यापैकी एकीनंही विचारलं नव्हतं की बाई, तुला दुखतंय कुठे.

सिस्टर आम्हाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "कोमट पाणी आण." त्या दिवसापासून आम्ही चार मुलींनी पाळ्या लावल्या. शाळेआधी एक, शाळा सुटल्यावर दोन, रात्री झोपायच्या आधी एक, आणि मधल्या वेळेला शेजारीण. दर दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. ईस्टर झाला, गट क्रिकेटच्या मॅचेसकडे वळला, आम्ही चौघी जात राहिलो. पाऊस सुरू होईपर्यंत जखम उथळ झाली, पुरती भरली कधीच नाही. मी नर्स व्हायचं ठरवलं ते त्या खोलीत.

आपल्याकडे 'समाचाराला जाणं' म्हणतात ना, तो शब्द मला फार आवडतो. समाचार म्हणजे बातमी. काय दुखतंय, कधीपासून, झोप लागते का, ही बातमी घेऊन यायची असते. गाणं म्हणावं, जरूर म्हणावं, पण बातमी न घेता परतलो तर समाचार राहिलाच.

आता आजोबांबद्दल. त्यांचं उजवं अंग गेलंय आणि वाचाही. मेंदूच्या डाव्या भागाला धक्का बसला की पुष्कळदा हे दोन्ही एकदम होतं. त्यांना बरंच कळतं, शब्द मात्र हाताला लागत नाही. म्हणून मोठ्यानं बोलू नकोस, ते बहिरे नाहीत. समोर बस, खाटेवर नको, स्टूल घे, म्हणजे तुझा चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर येईल. एका वेळी एकच विचार, आणि असं विचार की मान हलवून उत्तर देता येईल. त्यांनी तरुणपणी पहाटेच्या गाडीनं दादरला केळी आणि फुलं नेली आहेत. 'वाडीत राजेळी होती का? बसराई होती का?' असं विचारून बघ. मग थांब. मनात वीस मोज. त्यांचा शब्द त्यांच्या तोंडातून ओढून घेऊन आपण पुरा करायचा नाही. शाळेतल्या मराठीत बोलू नकोस, आपल्या कादोडीत बोल. लहानपणापासूनची बोली त्यांना जवळची वाटेल.

उजवा हात धरून ओढू नकोस, उठवतानाही नाही. लुळ्या हाताचा खांदा सैल झालेला असतो, सहज निसटतो. फोटोत तू उजवाच हात धरलायस, माझं पहिलं लक्ष तिथेच गेलं. आणि सुनेला विचारल्याशिवाय काही भरवायचं नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही. अशा आजारात गिळणं बिघडतं आणि घास श्वासनळीत जातो. सुकेळी त्यांना आवडतात हे मला माहीत आहे, तरी नाही.

एकटा जाऊ नकोस, गटातला एक मित्र बरोबर घे. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं गरिबांच्या घरी जोडीनंच जातात. पॅरिसमध्ये १८३३ साली ती ज्यानं मित्रांबरोबर सुरू केली तो फ्रेडरिक ओझानाम तेव्हा विशीचा विद्यार्थी होता, तुझ्याहून पाचच वर्षांनी मोठा. जोडीनं जाण्यात मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सेवेच्या नावाखाली कुणीही मोठं माणूस, मग ते कितीही मानाचं असो, तुला एकट्याला बंद खोलीत बोलावत असेल किंवा 'घरी सांगू नको' म्हणत असेल तर तिथून निघायचं आणि आजीला किंवा बाबांना त्याच दिवशी सांगायचं. यात कुणाचा अपमान होत नाही.

गटाच्या बाकी कार्यक्रमांचंही तू विचारलं होतंस. भुईगावच्या किनाऱ्याची सफाई आहे तिथे जरूर जा, पण पायात बूट हवेत, आणि इंजेक्शनची सुई दिसली तर हात न लावता मोठ्या माणसाला बोलाव. रक्तदान शिबिरात तुला रक्त देता येणार नाही, अठरा पूर्ण व्हावी लागतात. पण रक्त देऊन उठलेल्याला चक्कर येते तेव्हा त्याला आडवं करून पाय उंच धरायला कुणीतरी लागतं, ते काम माग. मे महिन्यात जव्हारकडच्या पाड्यावर शिबिर आहे म्हणतोस. जा. तिथल्या मुलांना चॉकलेट वाटून फोटो काढू नका एवढंच माझं मागणं आहे. त्यांच्या आयांबरोबर पाणी भरायला एकदा चालून जा आणि ते पाणी किती लांबून येतं ते बघ. फुटबॉल सोडू नकोस. एकत्र खेळलेली मुलंच एकमेकांच्या हाकेला धावतात.

तुला जुलै २०१८ आठवतो का? तू सात-आठ वर्षांचा होतास. वसईत पाणी भरलं, गाड्या बंद, वीज गेलेली, मिठागरातली माणसं अडकलेली. मी तेव्हा सुट्टीवर घरी होते. आपल्या गटातली मुलं खिचडीची पातेली डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून जात होती. त्यांनी पहिल्याच तासात पाच घरं गाठली, कारण कुठल्या घरात माणूस खाटेवर आहे, कुठल्या घरात ऑक्सिजनचं सिलिंडर आहे, हे त्यांना पाठ होतं. वर्षभर त्या घरांत त्यांचं जाणं-येणं होतं ना. त्या दिवशी चौकशी करत बसायला वेळच नव्हता.

तुझ्या टेबलावर संत कार्लो अकुतिसचं चित्र आहे, जीन्स आणि बूट घातलेलं. तो पंधराव्या वर्षी, २००६ साली गेला. मिलानमधल्या रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी तो स्वतःचे पैसे खर्चायचा. गेल्या ७ सप्टेंबरला त्याच्याबरोबर आणखी एकाला संतपद मिळालं, पिएर जोर्जो फ्रासाती, त्याच्याविषयीही वाच. तूरिनमधल्या श्रीमंत घरातला मुलगा, सतराव्या वर्षी व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत गेला. गरिबांकडे औषधं पोचवायचा, गाडीभाड्याचे पैसे देऊन टाकायचा आणि घरी पायी यायचा. १९२५ साली पोलिओनं गेला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. अंत्ययात्रेला तूरिनच्या वस्त्यांतले गरीब लोटले आणि आपला मुलगा इतकी वर्षं कुठे जात होता ते घरच्यांना तेव्हा कळलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याच्या आईचाच विचार करत राहिले. माझा मुलगा कुठे जातो ते मला जिवंतपणी कळावं एवढं मी मागते, जगाला कळलं नाही तरी चालेल.

काका मंगळवारी घरी पोचतील. म्हणजे येत्या रविवारी, २५ तारखेला, तू जाऊ शकशील. क्लास अकराला सुटतो, आजोबा दुपारी झोपतात, तेव्हा चारला जा. माफीचं भाषण नको. "उशीर झाला आजोबा," एवढं म्हण आणि बस. अर्धा तास पुरे. दर रविवारी जमणार नसेल तर पंधरा दिवसांनी म्हण, पण जो दिवस सांगशील तो पाळ. परीक्षेच्या आठवड्यात येणार नसशील तर आधी जाऊन सांग.

आणि दाढी वाढलेली असेल. त्यांच्या मुलाला करताना दोन रविवार नुसतं बघ, मग त्याला विचारून तू कर. ब्लेड त्यांचंच वापरायचं. साबण आधी कोमट पाण्यात चांगला फेसाळू दे. डाव्या गालापासून सुरू कर. उजव्या बाजूला त्यांना कदाचित कमी जाणवत असेल, कापलं तरी ते सांगू शकणार नाहीत, तिथे हात अगदी हलका ठेव.

तुझी,
आई