स्प्लेंडर विकू नका

आई, बाबा,

काल बाबा म्हणाले स्प्लेंडरला गिऱ्हाईक आलंय. मी तेव्हा बसमध्ये होते, गर्दीत धड बोलता येईना, म्हणून लिहितेय. प्लीज विकू नका. मी गिअरची गाडी शिकतेय.

रूममेट शिकवते, सकाळी लवकर, इथे नाशिकला तपोवनाच्या बाजूला मोकळी जागा आहे तिथे. तिने आधी एक्सलेटरला हातच लावू दिला नाही. पहिला गिअर टाकायचा आणि क्लच अगदी हळूहळू सोडायचा, एका ठिकाणी इंजिनचा आवाज जरा खाली बसतो आणि गाडी आपोआप पुढे ओढायला लागते, तिथेच बोटं थांबवायची. तेवढं हाताला कळलं ना की मग गाडी बंद पडत नाही, घाई वाटत नाही, आणि इतकं भारी वाटतं बाबा! स्कूटीवर हे काहीच नसतं. तिच्या गाडीला पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर, आपल्या स्प्लेंडरला चारही पुढे दाबून, त्यामुळे घरी आले की तुम्ही शेजारी उभं राहून परत शिकवा, मला ते तुमच्याकडूनच शिकायचंय.

आणि एक, तुम्ही नुसता पायाचा ब्रेक मारता. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे गाडी थांबवायचं जास्त काम पुढचाच करतो. दोन्ही सोबत दाबायचे, वाळूवर नि वळणात मात्र पुढचा जपून.

आई, तू काळजी करणार मला माहितीये. लर्निंग काढलंय, ३० दिवस झाले की पेठ रोडला आरटीओत टेस्ट देता येते, तिथे आठचा आकडा काढून दाखवायचा असतो. तोवर मी द्वारका चौकात गाडी नेणार नाही, तिथलं ट्रॅफिक तुला माहितीच आहे. हेल्मेट आयएसआयचंच घेतलंय आणि पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. तुलापण एक आणतेय, मागे बसणाऱ्यालाही लागतं. नांदुरीचा घाट एवढ्यात नाही हं, हात चांगला बसू दे, पण वणीच्या बाजाराला आपण दोघी नक्की जाऊ. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून तू कुठे जायचंच सोडून दिलंयस, ते मला अजिबात आवडत नाही.

बाबा, गाडी २०१२ ची, आरसी १५ वर्षांची असते, म्हणजे २०२७ ला रिन्यू करावी लागेल, मग पुढे ५ वर्षं मिळतात. तो खर्च मी करते. इन्शुरन्स कधी संपतोय तेवढं बघून सांगा. आणि गाडी नुसती उभी ठेवू नका, दोन-चार दिवसांनी शेजारच्या दादाला किक मारायला सांगा. गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून कळवा, उगाच आशेवर नको ठेवायला.

तुमची,
ताई